दिवा लागला म्हणजे वायरिंग बरोबर झालं, असं नाही: इलेक्ट्रिशियनचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या वायरीत, टाकला तरी दिवा लागतो. अर्थची वायर डब्यात नुसती गुंडाळून ठेवली तरी लागतो. जोड ढिला असला तरी लागतो, आणि सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे दिले तरी मोबाइल चार्ज होतो. हे काम शिकताना सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, कारण चुकीचं वायरिंग आपली चूक लगेच दाखवत नाही. ती दिसते सहा महिन्यांनी, गीझरच्या बोर्डातून जळका वास आल्यावर किंवा फ्रिजला हात लावल्यावर झटका बसल्यावर.

त्यामुळे इथला क्रम दिवा लावण्याचा नाही, काम तपासण्याचा आहे. आयटीआयला असाल, एखाद्या इलेक्ट्रिशियनकडे हेल्पर म्हणून लागला असाल किंवा स्वतः दुसऱ्याला शिकवत असाल, तरी या क्रमाने गेलात तर हाताला चांगल्या सवयी आधीच लागतील.

१. पहिला धडा: वीज बंद आहे हे सिद्ध करा

"बंद केलंय" हे कोणाच्या सांगण्यावर मानायचं नाही. प्रत्येक वेळी पुढची कामं याच क्रमाने करा:

• ज्या सर्किटवर काम आहे त्याची एमसीबी (भार वाढला किंवा शॉर्ट झालं की आपोआप पडणारा स्विच) खाली करा. तिच्यावर चिकटपट्टी लावून "काम चालू आहे" असं लिहा. मोठ्या साइटवर कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.
• मीटर किंवा टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून बघा. तो नीट चालतो याची खात्री झाली की मगच बंद केलेल्या ठिकाणी लावा.
• बंद ठिकाणी तीन मोजण्या घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ.
• मीटर पुन्हा चालू पॉइंटवर तपासा. मधल्या वेळात त्याची बॅटरी गेली असेल तर ते इथेच कळेल.

नुसता निऑन टेस्टर लागला नाही म्हणून हात घालू नका. उन्हात त्याचा प्रकाश दिसत नाही, आणि तुम्ही कोरड्या लाकडी घोड्यावर उभे असाल तर तो मंद लागतो किंवा लागतच नाही. वीज आहे हे तो सांगू शकतो. ती नाही हे सांगण्याइतका तो भरवशाचा नाही.

नवीन मुलं हमखास फसतात ती इन्व्हर्टरमुळे. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या दिव्यांना आणि पंख्यांना २३० व्होल्ट मिळतच राहतात. डब्यात एक फेज मेलेला आणि दुसरा जिवंत, आणि दोन्ही वायरी लाल, असं चित्र जुन्या घरांत सर्रास दिसतं. घरात शिरताना पहिला प्रश्न विचारा: इन्व्हर्टर आहे का? छतावर सोलर आहे का? पंखा उघडताना त्याच्या कपॅसिटरलाही विसरू नका. साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो, पण बंद झाल्यावरही काही काळ चार्ज धरून ठेवतो. त्याच्या दोन टोकांना आधी दिव्यातून जोडून तो रिकामा करा.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. सुती कपडे आणि रबरी तळाचे बूट घाला. ॲल्युमिनियमची शिडी या कामाला नको, लाकडी घोडा किंवा फायबरची शिडी घ्या.

कोणाला शॉक लागून तो चिकटला तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला ढकला. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्या आणि दुसऱ्याला १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर एकदा करून बघा.

२. हत्यारं: पहिल्या दिवशी काय घ्यायचं

पहिल्या खरेदीत एवढं पुरे:

• ८ इंची इन्सुलेटेड पक्कड, नोज प्लायर, साइड कटर
• वायर स्ट्रिपर
• स्क्रू ड्रायव्हर, चपट्या आणि फुलीच्या तोंडाचे, दोन-दोन मापांत
• निऑन टेस्टर
• डिजिटल मल्टिमीटर, कॅट-३ (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा), ६०० व्होल्टचा
• हातोडी, छिन्नी, हॅकसॉ, मापाची टेप, ओळंबा किंवा लेव्हल
• नळीतून वायर ओढायची स्प्रिंग
• क्रिम्पिंगची पक्कड, लग आणि फेरूल

ड्रिल मशीन, टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) आणि मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा) नंतर घेतले तरी चालतील, पण मेगर कसा वापरायचा हे पहिल्या महिन्यातच शिका. पैसे वाचवायचे असतील तर ते मीटरवर वाचवू नका. स्वस्त मीटरच्या तारांचं इन्सुलेशन पातळ असतं आणि आतला फ्यूज नावापुरता असतो. मीटरची लाल पिन करंटच्या खाचेत राहून गेली आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट होतो. अशा वेळी हातात फुटणारा मीटर आणि नुसता फ्यूज उडणारा मीटर, यांतला फरक किमतीचाच असतो.

३. वायर ओळखा: रंग आणि जाडी

घरगुती कामाला तांब्याची, पीव्हीसी इन्सुलेशनची, ११०० व्होल्ट ग्रेडची वायर लागते. तिच्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला असतो. बंडल साधारण ९० मीटरचं येतं. रंगांचा नियम सोपा आहे: थ्री फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा किंवा हिरवा-पिवळा. सिंगल फेजच्या घरात फेजला लाल वापरा आणि ते घरभर पाळा. हिरवी वायर उरली म्हणून ती फेजला वापरली, तर पुढच्या माणसासाठी तो सापळा असतो.

जाडीचा ढोबळ हिशोब असा:

• दिवे, पंखे, ६ अँपिअरचे सॉकेट: १.५ चौरस मिमी
• १६ अँपिअरचे पॉवर पॉइंट: २.५ चौरस मिमी
• गीझर आणि एसीची स्वतंत्र लाइन: ४ चौरस मिमी
• मीटरपासून डीबीपर्यंत (एमसीबी बसवलेली वितरणाची पेटी): भार मोजून ६ किंवा त्याहून जास्त

दिव्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नको. पॉवरच्या सर्किटवर १६ अँपिअरचे दोनच सॉकेट. तिसरा काढायचा मोह होतो, कारण नळी तिथूनच जात असते. त्या घरात उद्या मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि किटली एकदम लागणार आहेत, हे आजच धरून चला.

४. सरावाचा फळा तयार करा

दुसऱ्याच्या घरात शिकू नका. सुमारे ४ बाय ३ फुटांचा, १२ मिमी प्लायवूडचा फळा घ्या आणि भिंतीला पक्का लावा. सामान असं:

• २० मिमी केसिंग-कॅपिंग (वायर झाकायची झाकणाची पट्टी), ८ ते १० मीटर
• १.५ चौरस मिमी वायर, लाल-काळी-हिरवी, प्रत्येकी सुमारे १५ मीटर
• वन-वे स्विच ४, टू-वे स्विच २
• ६ अँपिअरचे सॉकेट २, १६ अँपिअरचं १
• बॅटन होल्डर ३, सीलिंग रोज १
• मॉड्यूलर डबे आणि प्लेट
• लहान डीबी: डबल पोल आयसोलेटर १, ३० मिलीअँपिअरची डबल पोल आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी डबी) १, ६ अँपिअरच्या एमसीबी २, न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी वेगवेगळी

पहिले दोन आठवडे या फळ्याला २३० व्होल्ट द्यायचेच नाहीत. १२ व्होल्टची बॅटरी आणि १२ व्होल्टचे दिवे वापरा. सर्किटचं तर्कशास्त्र तेच राहतं, चूक झाली तरी जीव जात नाही. मग जाणत्या माणसाच्या देखत २३० व्होल्टवर या, तेही आरसीसीबीमधूनच.

पहिल्यांदा वीज सोडताना सिरीज बोर्ड मध्ये घाला. फेजमध्ये १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा. फळ्यात शॉर्ट असेल तर हा दिवा पूर्ण तेजाने लागतो, आणि करंट ०.४३ अँपिअरच्या आसपास थांबतो. सगळं ठीक असेल आणि फळ्यावर ९ वॉटचा एलईडी असेल, तर एलईडी नेहमीसारखा लागतो आणि सिरीजचा दिवा काळाच राहतो. सिरीजसाठी एलईडी दिवा चालत नाही, तारेचाच हवा. आणि हे पक्कं डोक्यात ठेवा: सिरीज बोर्ड वायरला वाचवतो, माणसाला नाही. ०.४३ अँपिअर म्हणजे ४३० मिलीअँपिअर, जीव घ्यायला त्याहून कितीतरी कमी पुरतो.

५. पाच सर्किट, याच क्रमाने

अ) एक स्विच, एक दिवा. फेज स्विचमधून, न्यूट्रल सरळ होल्डरला. तीन वायरींचं काम, पण स्विच न्यूट्रलमध्ये जाण्याची चूक इथेच होते. तसं झालं तर स्विच बंद असतानाही होल्डर जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर पहिला संशय याच चुकीचा घ्या. (दिवा असलेला इंडिकेटर स्विच किंवा लांबवर शेजारून गेलेली फेजची वायर यांनीही एलईडी मिणमिणतो, म्हणून मीटरने खात्री करा.)

आ) एक स्विच, एक सॉकेट. समोरून बघताना अर्थचं मोठं भोक वर, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. सॉकेट मागून जोडताना डावं-उजवं उलटतं आणि नवशिके तिथे चुकतात. मागे छापलेलं एल आणि एन वाचून जोडा, हाताच्या अंदाजाने नको.

इ) पंखा आणि रेग्युलेटर. रेग्युलेटर फेजमध्ये, स्विचच्या पुढे.

ई) दोन होल्डर, दोन स्विच, एका न्यूट्रलवर लूपिंग करून, म्हणजे एका टर्मिनलवरून पुढच्याला वायर नेऊन. इथे शिकायचं ते एवढंच की लूप स्विच, होल्डर किंवा डब्यातल्या टर्मिनलवरच घ्यायचा. नळीच्या आत जोड कधीच नाही.

उ) जिन्याचं वायरिंग, दोन टू-वे स्विचचं. फेज पहिल्या स्विचच्या कॉमनला (ज्या टर्मिनलवरून वीज दोनपैकी एका बाजूला वळते ते). दोन्ही स्विचची बाजूची टर्मिनल दोन वायरींनी एकमेकांना. दुसऱ्या स्विचच्या कॉमनवरून दिव्याला. कॉमन ओळखताना चूक झाली तर दिवा एखाद्याच जोडीत लागतो. कंपनीगणिक कॉमनची जागा बदलते, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटरचा बझर लावून ते शोधा.

जिन्यात एक वायर वाचवायला काही जण दोन्ही स्विचच्या बाजूच्या टर्मिनलवर फेज आणि न्यूट्रल दोन्ही आणतात आणि दोन्ही कॉमन दिव्याला देतात. दिवा लागतो-विझतो, पण विझण्याच्या एका स्थितीत होल्डरच्या दोन्ही टोकांना फेज असतो. शिवाय एकाच स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल शेजारी येतात. हे शिकूच नका, आणि जुन्या घरात दिसलं तर बदलून द्या.

६. जोड: सगळं काम इथेच जिंकतं किंवा हरतं

थोडा हिशोब करा. २००० वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. पॉवर पॉइंटवर १५ अँपिअर वाहत असतील आणि स्क्रूखालचा जोड ढिला राहून त्यात फक्त ०.१ ओहमचा रोध आला, तर तिथे तयार होणारी उष्णता १५ × १५ × ०.१ म्हणजे २२.५ वॉट. वाटाण्याएवढ्या जागेत सोल्डरिंगची छोटी इस्त्री सतत चालू, असा तो प्रकार. उष्णतेने तांबं काळं पडतं, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. एमसीबी हे थांबवत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

म्हणून जोडाची पद्धत ठरलेली असू द्या:

• इन्सुलेशन १० ते १२ मिमी सोला. पक्कडीने ओढून सोलू नका, तारा तुटतात. दोन-तीन तारा तुटल्या तर टोक कापून पुन्हा सोला.
• तारा घड्याळाच्या दिशेने पिळा. टर्मिनल मोठं आणि वायर बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करा, किंवा फेरूल दाबून घ्या.
• तांबं पूर्ण आत, इन्सुलेशन बाहेर. स्क्रू इन्सुलेशनवर बसला तर पॉइंट कधी चालतो, कधी बंद पडतो, आणि असा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.
• स्क्रू घट्ट करा, वायर एकदा हलवा, परत घट्ट करा. मग प्रत्येक वायर हाताने ओढून बघा. निघाली तर आत्ताच निघू दे.

नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी भिंतीत पुरू नका. आयटीआयमध्ये शिकवतात ते वेस्टर्न युनियन, ब्रिटानिया, टी-जोड हाताला वळण लावायला उत्तम आहेत, ते मन लावून करा. पण घरात कनेक्टर किंवा टर्मिनलच वापरा, तेही उघडता येणाऱ्या डब्यात.

७. डीबी: प्रत्येक डबीचं काम वेगळं

आयसोलेटर, एमसीबी आणि आरसीसीबी दिसायला सारख्याच डब्या. आयसोलेटर फक्त हाताने बंद-चालू होतो, शॉर्ट झालं तरी तो स्वतः पडत नाही. एमसीबी जास्त भारावर आणि शॉर्टवर पडते. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत फरक पडला की पडते, म्हणजे करंट माणसाच्या अंगातून किंवा अर्थमधून गळत असताना. जास्त भाराचं तिला काही कळत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

एमसीबी वायरला बघून निवडायची, उपकरणाला बघून नाही. १.५ ला ६ किंवा १०, २.५ ला १६, ४ ला २० किंवा २५ अँपिअर. १६ ची वारंवार पडते म्हणून २.५ च्या वायरवर ३२ ची बसवणं म्हणजे सुमारे २० अँपिअर पेलणाऱ्या वायरला ३२ पर्यंत तापू देणं. ती पडणं बंद होतं आणि भिंतीतलं इन्सुलेशन भाजू लागतं. एमसीबी पडते तेव्हा तिचं म्हणणं ऐका: टाँग टेस्टरने भार मोजा, मग सर्किट वेगळं करा.

आरसीसीबीच्या पुढे गेलेला न्यूट्रल तिच्याच न्यूट्रलपट्टीवर परत आला पाहिजे. एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या पट्टीवर गेला, किंवा सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटले, तर भार लावताच ती पडते. मग "आरसीसीबी खराब आहे" म्हणून ती बायपास केली जाते. हा गुन्हा आहे असं समजून वागा. वायरिंगमधला दोष शोधून काढला की ती पडणं थांबतं.

८. अर्थिंग: दिसत नाही म्हणून सगळ्यात जास्त टाळलं जातं

नळीचं अर्थिंग असं असतं: सुमारे ४० मिमी व्यासाची, २.५ मीटर लांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) नळी, तिला १२ मिमीची भोकं, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला फनेल आणि झाकण. खड्डा इमारतीच्या पायापासून किमान दीड मीटर दूर. घरासाठी रोध ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न असतो. पण दख्खनच्या कातळावर उन्हाळ्यात एका नळीने तो येत नाही. मग दुसरी नळी घ्या, पहिलीपासून किमान तिच्या लांबीइतकी दूर, आणि दोन्ही जोडा. मिठाने जीआय गंजतं, त्यामुळे क्लॅम्पचा जोड उघडता-तपासता येईल असा ठेवा.

आता एक गणित, जे बऱ्याच अनुभवी माणसांनीही कधी केलेलं नसतं. घराचं अर्थिंग ५ ओहम. गीझरच्या बॉडीला फेज लागला. करंट साधारण २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. सी-प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीला तत्काळ पडायला ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ वर ती तापून, बऱ्याच सेकंदांनी पडेल. तोवर बॉडी जिवंत आहे आणि माणूस ओल्या फरशीवर उभा आहे. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी हाच दोष क्षणात तोडते. अर्थिंग चांगलं आहे म्हणून आरसीसीबी नको, हा हिशोब म्हणून चुकतो.

९. वीज सोडण्याआधी: मोजा आणि लिहा

हाच सगळ्या कामाचा गाभा. मोजण्या याच क्रमाने घ्या, कारण प्रत्येक मोजणी आधीच्या मोजणीवर उभी आहे.

पहिली, डोळ्यांनी. प्रत्येक डबा उघडा: रंग, स्क्रू, उघडं तांबं, दबलेली वायर.

दुसरी, अर्थची सलगता. वीज बंद. डीबीच्या अर्थपट्टीवरून एक लांब वायर घेऊन प्रत्येक सॉकेटच्या अर्थपिनपर्यंत ओहम मोजा. मीटरच्या तारांचा आणि लांब वायरीचा रोध आधी मोजून वजा करा. २.५ चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे २० मीटरला सुमारे ०.१५. तिथे २-३ ओहम दिसले तर वाटेत कुठेतरी ढिला जोड आहे.

तिसरी, इन्सुलेशन, मेगरने. मेन आणि आरसीसीबी बंद. दिवे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्टर, चार्जर सगळे काढा, नाहीतर ५०० व्होल्टने ते जळतील किंवा आकडा खोटा येईल. सर्किटच्या एमसीबी आणि सगळे स्विच चालू ठेवा. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थच्या विरुद्ध मोजा, मग ते सोडवून फेज-न्यूट्रल एकमेकांविरुद्ध. किमान १ मेगाओहम हवा, पण नव्या पीव्हीसी वायरिंगला तो शेकड्यात यायला हवा. नव्या कामात २-३ मेगाओहम आला तर नियमात बसतो म्हणून खूश होऊ नका. नळीत पाणी शिरलंय किंवा वायर ओढताना सोलली गेलीय. एकेक एमसीबी खाली करत दोषी सर्किट शोधा.

चौथी, ध्रुवता. प्रत्येक स्विच फेजमध्येच आहे, प्रत्येक सॉकेटचं उजवं भोक फेजचंच आहे, हे बझरवर तपासा.

पाचवी, वीज सोडल्यावर. फेज-न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढाच, न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, आणि घरमालकाला महिन्यातून एकदा दाबायला सांगा.

इथे दोन फसगती आहेत. डिजिटल मीटर फेज-अर्थ २३० दाखवतो म्हणजे अर्थिंग चांगलं, असं नाही. त्या मीटरला नगण्य करंट पुरतो, त्यामुळे गंजलेल्या, नावापुरत्या अर्थवरही तो २३० दाखवतो. रोध मोजायला अर्थ टेस्टरच लागतो. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण आतल्याच रोधकातून गळती तयार करतं. घरात अर्थिंग अजिबात नसलं तरी बटण दाबल्यावर ती पडते.

फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॉटचा दिवा लावून "अर्थिंग चेक" करायची जुनी सवय सोडा. अर्थची वायर कुठे तुटलेली असेल, तर त्या दिव्यातून घरातल्या सगळ्या उपकरणांच्या बॉडीला फेज मिळतो.

१०. शिकवणाऱ्यांसाठी: दोष लपवा, शोधायला लावा

हेल्परला वर्षभर नुसत्या खाचा मारायला लावून तो शिकत नाही. फळा झाकून त्यात एकेक दोष घाला आणि त्याला मीटर देऊन बाहेर उभे राहा:

• होल्डरमागचा न्यूट्रल सुटलेला
• स्विच न्यूट्रलमध्ये
• सॉकेटमागे अर्थ कापलेली
• फेज-न्यूट्रल उलटे
• एका सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ चिकटलेले
• स्क्रू इन्सुलेशनवर बसलेला

यातला सुटलेल्या न्यूट्रलचा दोष सगळ्यांना गोंधळात टाकतो. न्यूट्रल वाटेत सुटला आणि पुढे एखादा भार चालू असला, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो. नवशिका म्हणतो, "दोन फेज आले." दोन फेज आलेले नसतात, तोच फेज भारातून फिरून न्यूट्रलच्या वायरीवर आलेला असतो. मीटरने फेज-न्यूट्रल शून्याच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ २३० च्या आसपास दिसला की उलगडतं. त्याने उत्तर सांगितलं की "कसं कळलं?" हे विचारा आणि मोजण्याचे आकडे मागा. आकडा नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी धरू नका.

११. कागदपत्रं, आयटीआय आणि परवाना

हात तयार झाला तरी कागद लागतातच. महाराष्ट्रात आयटीआयचे दोन व्यवसाय या कामाचे: वीजतंत्री आणि तारतंत्री, दोन्ही दोन वर्षांचे. वीजतंत्रीला विज्ञान-गणितासह दहावी लागते, तारतंत्रीला आठवी चालते. किमान वय १४. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून, दहावीच्या निकालानंतर, फेऱ्यांनी होतो. तयार ठेवा:

• दहावीची (किंवा आठवीची) गुणपत्रिका
• शाळा सोडल्याचा दाखला
• आधार कार्ड, फोटो, बँकेचं पासबुक
• अधिवास प्रमाणपत्र
• लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर

दाखल्यांना तहसीलमधून वेळ लागतो. निकालाची वाट न बघता आधीच अर्ज करा. "तीन महिन्यांत इलेक्ट्रिशियन डिप्लोमा" देणाऱ्या संस्थेत पैसे भरण्याआधी तिची सरकारी संलग्नता तपासा. संलग्नता नसेल तर ते प्रमाणपत्र पुढे परवान्याला उपयोगी पडत नाही.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करा. ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली असते, आणि तिचा करार केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला जातो. कंपनीने "नंतर नोंदवू" म्हटलं तर थांबा. करार नोंदला नसेल तर तुम्ही कागदावर उमेदवार नसता, नुसते मजूर असता, आणि वर्षाअखेरीस परीक्षेला बसता येत नाही.

स्वतंत्र कामासाठी राज्याच्या विद्युत निरीक्षक यंत्रणेकडून परवाने मिळतात: तारतंत्री, मग पर्यवेक्षक, मग कंत्राटदार. पात्रता, अनुभवाचा दाखला आणि फी यांचे ताजे नियम जवळच्या विद्युत निरीक्षक कार्यालयातूनच घ्या, एजंटाकडून नको. नव्या वीजजोडणीला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यावर दुसऱ्याची सही विकत घेऊन काम करू नका. आग लागली तर चौकशीत पहिला कागद तोच काढला जातो.

आजपासूनच एक वही ठेवा. प्रत्येक कामाची तारीख, सर्किट, वायरचा आकार, एमसीबी, अर्थचा रोध आणि मेगरचा आकडा लिहा. उद्या त्याच घरातून फोन आला की आकडा उतरलाय की तेवढाच आहे, हे वहीवरूनच कळेल.